लोहचुंबक घरी ठेवा

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या वाटा मोकळ्या होतात आणि पुण्यातल्या भटक्यांच्या पाठपिशव्यांतून दगड घरी येऊ लागतात. त्यांतले काही पुढे माझ्या टेबलापर्यंत पोचतात. रंग काळा, हाताला जड, वरून भाजल्यासारखा. घेऊन आलेला माणूस खिशातून लोहचुंबक काढतो, दगडाला लावतो, चुंबक चिकटते आणि मग तो माझ्याकडे बघतो. दगड आकाशातून पडलेला असावा ही त्या बघण्यातली आशा मला फार जवळची आहे, त्यामुळे उत्तर देताना दर वेळी जीवावर येते. पुण्यात काळा, जड आणि चुंबकाला चिकटणारा दगड म्हणजे बहुतेक वेळा पुण्याचाच दगड.

आपल्या पायाखालची ही भूमी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तयार झाली. या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. म्हणून पर्वतीच्या पायथ्याचा खडा घ्या नाहीतर सिंहगडाच्या वाटेवरचा, दोऱ्याला टांगलेले चांगले चुंबक त्याच्याकडे थोडे तरी झुकते. ओढ्याच्या वळणावर साचलेल्या रेतीत चुंबक फिरवले तर काळ्या कणांची दाढीच लोंबू लागते. दूरदेशीच्या वाळवंटात जी परीक्षा पहिल्या चाळणीसारखी कामाला येते, ती दख्खनच्या पठारावर जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यात भर म्हणजे भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातून वर्षानुवर्षे बाहेर पडलेली भट्टीची मळी. ती भरावात जाते, रस्त्याखाली जाते, शेताच्या बांधावर येऊन पडते. काळी, चकाकती, वितळून थिजलेली. ‘आकाशातून पडलेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या दगडांत सर्वांत जास्त भरणा या मळीचाच असतो. तिच्या अंगावर बुडबुड्यांची भोके असतात, आणि खऱ्या अशनीत अशी भोके जवळपास नसतातच. आपला सच्छिद्र बेसॉल्टही त्याच एका खुणेवर बाद होतो.

शब्दांचा घोळ आधी निस्तरू. आकाशात क्षणभर रेघ ओढून जाते ती उल्का. वातावरणातून जाताना पूर्ण जळून न जाता जो दगड किंवा धातूचा तुकडा जमिनीवर पोचतो तो अशनी. शब्द जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांचे पाच प्रकार सांगितले, त्यांत अशनि हा एक. अशनींतले बहुसंख्य दगडी असतात. त्यांच्यावर एखाद्या मिलिमीटरहूनही पातळ असे काळे कवच असते आणि ताजा कोपरा तुटला तर आत करडा रंग दिसतो, त्यात धातूचे चमचमते ठिपके आणि पुष्कळदा खसखशीएवढे गोल दाणे. हे दाणे सूर्यमाला आकाराला येत असतानाचे आहेत, आपल्या कोणत्याही डोंगरापेक्षा कितीतरी जुने. घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा म्हणजे घनता. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि पाण्याचे भांडे एवढ्यावर ती निघते. बेसॉल्ट पाण्याच्या सुमारे २.९ पट जड, सामान्य दगडी अशनी साधारण ३.३ ते ३.७ पट, लोखंडी अशनी पावणेआठ पटीच्या आसपास. ही परीक्षा अर्थात संशयित मळीसाठी आणि खड्यांसाठी. ताजा पडलेला अशनी हाती आला असेल तर त्याला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये.

चुंबकाबद्दलची माझी खरी तक्रार तर वेगळीच आहे. ते इथे फसवते हे एक झाले. पण समजा दगड खरोखरच अशनी निघाला, तर त्याला लावलेले चुंबक त्याची स्मृती पुसून टाकते. दगड ज्या ग्रहावर किंवा लघुग्रहावर घडला तिथे चुंबकीय क्षेत्र असेल, तर त्याची दिशा आणि ताकद दगडातल्या कणांत कोरलेली राहते, अब्जावधी वर्षे. आजची छोटी निओडिमियम चुंबके इतकी जबरदस्त असतात की एका स्पर्शात ही नोंद मोडते आणि तिच्या जागी आपल्या चुंबकाची नोंद बसते. सहारात सापडलेला ‘ब्लॅक ब्युटी’ नावाचा अशनी मंगळावरचा आहे. मंगळाच्या प्राचीन चुंबकीय क्षेत्राची गोष्ट त्याने सांगितली असती. संशोधकांनी त्याचे तुकडे तपासले तेव्हा ती गोष्ट शोधणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या चुंबकांनी आधीच मिटवलेली होती. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, चुंबक घरी ठेवा. तपासायचेच असेल तर दगडाशेजारी साधे होकायंत्र धरा आणि सुई हलते का पाहा.

महाराष्ट्रात अशनी पडतच नाहीत असे अजिबात नाही. १८४३ साली खानदेशात मानेगावला पडलेला दगड डायोजेनाइट जातीचा आहे. या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून सुटून आलेले मानले जातात. ‘डॉन’ हे यान २०११ साली वेस्टाभोवती फिरू लागले, त्याच्या १६८ वर्षे आधी वेस्टाचा तुकडा खानदेशात येऊन पडलेला होता, ही गोष्ट मला नेहमी हलवून जाते. १८६६ साली जामखेडला एक पडला, १८७९ साली सातारा जिल्ह्यात कळंबीला एक. अशनीला सापडलेल्या ठिकाणाचे नाव द्यायची जगभर रीत आहे, त्यामुळे ही सगळी गावे आंतरराष्ट्रीय यादीत कायमची जाऊन बसली आहेत. जामखेड मात्र तिथे ‘जामखेर’ झाले आहे. ज्या साहेबाच्या कानावर ते नाव पडले त्याने जसे ऐकले तसे.

हे सारे ‘पडताना पाहिलेले’ अशनी आहेत. कुणी तरी आवाज ऐकला, धूर पाहिला, धावत जाऊन दगड उचलला. न पाहता, नुसते रानोमाळ हिंडून अशनी शोधायचा तर आपला मुलूख त्यासाठी फार अवघड. अंटार्क्टिकाच्या निळसर बर्फावर काळा ठिपका लांबून दिसतो. सहारात पाऊस फारच थोडा असल्याने दगड टिकून राहतो. इथे काळ्या मातीत, काळ्या खडकावर काळा दगड शोधायचा, आणि त्यातले लोखंड प्रत्येक पावसाळ्यात गंजत जाऊन शेवटी दगडाचा भुगा होणार. परदेशी चित्रफिती पाहून हजारो रुपयांचा मेटल डिटेक्टर घेणाऱ्या तरुणांना मी हे मनापासून सांगत असतो. शिवाय पुण्याभोवती खडकवासला, खडकी, देहूरोड असा लष्कराचा मोठा परिसर आहे. तिथल्या हद्दीजवळ डिटेक्टर घेऊन फिरणे हा छंद कुणालाही समजावून सांगता येणार नाही, आणि सरावाच्या मैदानाजवळ जमिनीतून काय निघेल याचा भरवसा नसतो.

आता काटोल. २२ मे २०१२, नागपूर जिल्हा, उन्हाळ्यातली दुपार, दोनचा सुमार. आकाशात स्फोटासारखे आवाज झाले आणि काटोल शहरात व भोवतालच्या शिवारात दगड पडले. सगळे मिळून सुमारे तेरा किलो वजनाचे तुकडे गोळा झाले, त्यांतला सर्वांत मोठा किलोभराचा. महाराष्ट्राच्या अलीकडच्या काळातली ही सर्वांत महत्त्वाची अशनीवर्षा. त्या तुकड्यांना पुढे काय फळ आले ते सांगण्यासारखे आहे. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात काटोलच्या दगडातल्या बारीक काळ्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. २०२१ साली ते प्रसिद्ध झाले. ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या पोटातले सर्वांत विपुल खनिज, पण ते असते सुमारे ६६० किलोमीटरच्या खाली. तिथवर कोणतेही छिद्रण पोचलेले नाही, पोचण्याची शक्यताही नाही. अवकाशात दोन खडक आदळले, क्षणभर तेवढाच प्रचंड दाब निर्माण झाला आणि तेच खनिज तिथे घडले. पृथ्वीच्या अंतरंगाचा नमुना असा आकाशमार्गे विदर्भात उतरला. हे तुकडे कुणाच्या शोकेसमध्ये गेले असते तर हे आपल्याला कळलेच नसते.

इथूनच कायद्याचा प्रश्न सुरू होतो. शेतात अशनी पडला, तर तो कुणाचा?

भारतात खास अशनींसाठी केलेला कायदा नाही. प्रघात पक्का आहे. देशात पडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, करते आणि राष्ट्रीय संग्रह कोलकात्याला आहे. अशनी पडल्याची बातमी तहसीलदार, पोलीस, जिल्हाधिकारी यांच्यामार्फत जीएसआयकडे जाते आणि दगड त्यांच्या स्वाधीन करावा अशी अपेक्षा असते. पण ‘हा दगड सरकारचा’ असे स्पष्ट शब्दांत सांगणारे कलम शोधू गेले तर इकडून तिकडून कपडा जोडावा तशी चार-पाच कलमे जोडावी लागतात.

१८७८ चा गुप्तधन कायदा घ्या. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे, असे तो सांगतो. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण कायदा जिवंत आहे. पण काल दुपारी सर्वांदेखत पडून ढेकळांवर विसावलेला दगड ‘दडलेला’ कसा म्हणायचा? दोन फूट आत रुतला असेल तर? वकिलांना भांडायला इथे भरपूर जागा आहे. दुसरीकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आहे. तिचे ४८ वे कलम जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या खनिजांवर राज्य सरकारचा हक्क सांगते. आपल्या शेतातला मुरूम उचलायलाही परवानगी लागते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, ते याच कलमामुळे. त्या कलमात अशनीचा उल्लेख नाही. आकाशातून आलेला दगड ‘खनिज’ आहे का, हे त्या शब्दाच्या अर्थावर सोडलेले आहे. आणि गंमत अशी की २०१३ साली केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जमिनीखालच्या खनिजांची मालकी सर्वसाधारणपणे जमीनमालकाकडे असते, कायद्याने ती काढून घेतलेली नसेल तर, असे म्हटले आहे. ‘काढून घेतलेली नसेल तर’ या चार शब्दांपाशी महाराष्ट्रातला माणूस पुन्हा ४८ व्या कलमाकडे येतो.

मालकीचा वाद असा अनिर्णित असला तरी छंद म्हणून हिंडणाऱ्या पुणेकराला त्यात अडकायचे कारण नाही, कारण त्याचा पहिला प्रश्न मालकीचा नसून जागेचा आहे. तो जिथे उभा आहे ती जमीन कुणाची? खाजगी शेत असेल तर सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला विचारल्याशिवाय तिथून काही उचलणे म्हणजे चोरीच, मग वस्तू आकाशातून आलेली असो वा झाडावरून पडलेली. राखीव वन असेल तर नियम फारच कडक आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘वनोपज’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात लाकूड, मध, डिंक यांच्याबरोबर माती, खडक आणि खनिजेही येतात. म्हणजे राखीव वनातून परवानगीविना दगड खिशात घालणे हा गुन्हा आहे, तो दगड साधा असला तरी. गडकिल्ल्यांपैकी जे केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहेत तिथे खणणे सोडाच, काही उकरणेही चालत नाही. वेताळ टेकडी, सिंहगड, राजगड, मुळशीचे डोंगर, पुणेकर जिथे जिथे रविवारी जातो ती ठिकाणे या निकषांवर एकदा तपासून पाहिली तर दगड ‘सहज उचलावा’ अशी जागा फारच थोडी उरते.

लोणारचे तर विचारूच नका. पुण्याहून दोन दिवसांच्या सहली निघतात आणि प्रत्येक सहलीत कुणी तरी सरोवराच्या काठी वाकून ‘अशनीचा तुकडा’ शोधत असतो. तो मिळणार नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा आघातातूनच झाला, बेसॉल्टमधल्या आघात-विवरांत जगात सर्वांत चांगला टिकलेला हाच. पण एवढा खड्डा पाडणारा पाषाण आघाताच्या उष्णतेत स्वतः जवळजवळ सगळा नाहीसा होतो. मागे राहतात त्या सूक्ष्म खुणा, वितळून थिजलेल्या काचेच्या गोळ्या, धक्का बसून रचना बदललेली खनिजे. त्या खुणांमुळेच १९७० च्या दशकात लोणार ज्वालामुखीचे नाही हे ठरले. विवराचे वय किती यावर अजून चर्चा आहे. जुन्या मोजणीत ते सुमारे ५२ हजार वर्षे आले होते, २०११ साली आरगॉन पद्धतीने ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे आले. अशा चर्चा ज्यांच्यावर चालतात ते नमुने विवराच्या कडेवरच्या त्या क्षुल्लक वाटणाऱ्या खड्यांतून येतात. लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळही आहे. तिथला एकही खडा हलवू नये, हे कायद्याचे सांगणे मला शंभर टक्के मान्य आहे.

जगात या प्रश्नाची उत्तरे परोपरीची आहेत. अमेरिकेतला पायंडा १८९२ चा. आयोवा राज्यात १८९० साली पडलेला ३० किलोचा दगड एकाने गवत कापायला जमीन घेतलेल्या कुळाच्या परवानगीने उकरून काढला आणि १०५ डॉलरला विकून टाकला. जमीनमालक न्यायालयात गेला. दगड निसर्गतः जमिनीत येऊन तिचाच भाग झाला, तेव्हा तो मालकाचा, असा निकाल लागला. कूळ आणि मालक यांच्या भांडणातली ही गोष्ट आपल्याकडच्या कुणालाही परकी वाटणार नाही. आज तिथे सरकारी पडीक जमिनीवरून हौशी माणसाला वर्षाला दहा पौंडांपर्यंत अशनी उचलता येतात, पण विकता येत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशनी थेट सरकारचा आणि तो संग्रहालयात जातो. डेन्मार्कमध्ये सापडलेला अशनी सरकारकडे द्यावाच लागतो, पण सापडणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो. मला डेन्मार्कचा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. बक्षीस नसेल आणि नुसती जप्तीची भीती असेल तर माणूस दगड कपाटात लपवतो. तो लपला की त्याची जागा, वेळ, दिशा सगळे विसरले जाते आणि मग शास्त्राच्या दृष्टीने त्याचे निम्मे मोल गेले.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यातल्या भूअवशेषांच्या व्याख्येत जीवाश्मांबरोबर अशनीही होते. अशनी हा शब्द त्या व्याख्येत स्वच्छपणे आला याचे मला समाधान वाटले. हौशी शोधकांना शत्रू न मानता नोंदणी, मोबदला आणि नावाचा मान दिला तरच असा कायदा चालेल.

मोल हा शब्द आलाच आहे तर बाजाराचेही बोलू. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सोदबीज लिलावात मंगळावरचा २४.६७ किलोचा अशनी सुमारे ५३ लाख डॉलरला गेला. तो नायजरच्या वाळवंटात सापडलेला. लिलावानंतर नायजर सरकारने हा दगड देशाबाहेर गेलाच कसा याची चौकशी सुरू केली. अशी बातमी इथे छापून आली की ठाण्यापासून लातूरपर्यंत ठगांना बहर येतो. ‘राइस पुलर’ नावाचा ‘वीज पडलेला धातू’, तो तांदूळ खेचतो, नासा तो कोट्यवधींना घेते, आधी तपासणीचे दोन लाख भरा. मांडुळाच्या फसवणुकीचीच ही दुसरी आवृत्ती. नासा असे काहीही विकत घेत नाही. अशनी तांदूळ खेचत नाही. आणि ओळख पटलेल्या प्रत्येक नव्या अशनीचे नाव मान्य व्हायला त्याचा किमान २० टक्के किंवा २० ग्रॅम, जे कमी असेल तेवढा, भाग एखाद्या संस्थेत जमा करावा लागतो. अशा नोंदीचा कागद नसलेला अशनी म्हणजे विकणाऱ्याचा शब्द, बाकी काही नाही.

आकाशातून पडणारे सगळेच दगड नसतात. २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली. अनेकांनी तिला उल्कावर्षाव म्हटले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. परतणाऱ्या चिनी रॉकेटचा टप्पा असावा असा अभ्यासकांचा निष्कर्ष झाला. खरी उल्का काही सेकंदांत संपते. हे दृश्य बराच वेळ, संथपणे, अनेक समांतर तुकड्यांत चालले, यावरूनच जाणत्यांना शंका आली होती. इथे कायदा मात्र कमालीचा स्पष्ट आहे. १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे अवकाशात सोडलेली वस्तू परत कुठेही पडो, ती सोडणाऱ्या देशाचीच राहते. आणि तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो, म्हणून हातही लावू नये.

मग पुण्यातल्या माणसाने करावे काय? माझे उत्तर गच्चीवर आहे.

सर्वांत मोठा अशनीवर्षाव रोज आणि न दिसता होत असतो, धुळीचा. २०२१ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या बर्फावरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे वर्षाला सुमारे ५,२०० टन सूक्ष्म अशनी पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोचतात. साऱ्या पृथ्वीवर पसरले तर एका चौरस किलोमीटरला वर्षाला दहा ग्रॅम. पुणे महापालिकेची हद्द ढोबळमानाने पाचशे चौरस किलोमीटर धरली तर शहरावर वर्षाला पाचेक किलो अवकाशधूळ उतरते. शहरातल्या छपरांवरून ती वेचता येते हे शास्त्रज्ञांना बराच काळ पटत नव्हते, शहरात मानवी धूळच इतकी असते. नॉर्वेचे जाझ संगीतकार यून लार्सन यांनी चिकाटीने ते करून दाखवले. २०१७ साली लंडनच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी जे प्रसिद्ध केले त्यात छपरांच्या पन्हाळींतला ३०० किलो गाळ आणि त्यातून निवडलेले ५०० कण होते.

इथे चुंबकाला परत बोलवावे लागते, कारण या कणांसाठी दुसरा मार्ग नाही. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गच्चीच्या कोपऱ्यातला, पाणी उतरण्याच्या जाळीपाशी साचलेला गाळ त्याने चाळवायचा. पिशवी उलटली की चिकटलेले कण भांड्यात पडतात. ते धुऊन, वाळवून, बारीक चाळणीने एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपासचे वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. पुण्यात या कामाला तिप्पट धीर लागतो. वाऱ्याने उडून आलेले बेसॉल्टचे मॅग्नेटाइट, शेजारच्या ग्रिलवाल्याच्या वेल्डिंगच्या ठिणग्यांचे गोळे, वाहनांच्या ब्रेकची धूळ आणि दिवाळीतल्या फटाक्यांचे चकचकीत मणी, सारे चुंबकाला चिकटतात. खरा कण काळपट असतो, गोल पण अगदी गुळगुळीत नव्हे. पृष्ठभागावर पट्टेरी किंवा पानाच्या शिरांसारखी नक्षी असते, आणि कधी एका बाजूने धातूचा छोटा मणी डोकावतो. फटाक्यांचे मणी टळावेत म्हणून गाळ गोळा करावा तो जून-जुलैच्या सरींनंतर, दिवाळीच्या पुष्कळ आधी. पत्र्याच्या छपरावर गंज फार, तिथे वेळ घालवू नये. जुन्या चायना मोझॅकची गच्ची उत्तम. सोसायटीची गच्ची सामायिक असते, तेव्हा कमिटीला आधी सांगून ठेवावे. लोक नाही म्हणत नाहीत. बहुतेक ठिकाणी मुले पाठोपाठ वर येतात.

दुसरे काम आकाशाचे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना आकाश दाखवते आहे, त्यामुळे शहरात वर बघणारी माणसे कमी नाहीत. एखादा मोठा अग्निगोल दिसला की मात्र जाणता माणूससुद्धा म्हणतो, ‘तो सिंहगडाच्या मागे पडला.’ तो सिंहगडाच्या मागे पडलेला नसतो. अशनीचे चमकणे साधारण वीस किलोमीटर उंचीवर किंवा त्याच्याही वर संपते. पुढचा प्रवास तो विझून, अंधारात, वाऱ्याबरोबर सरकत काही मिनिटांत करतो. पुण्यातून क्षितिजाजवळ दिसलेला गोळा शंभर-दोनशे किलोमीटरवर पडलेला असू शकतो. काटोलसारख्या ठिकाणी जागेवरची माणसे दगड गोळा करतात, पण पडण्याचा पट्टा नकाशावर आखायला दूरदूरच्या गावांतली साक्ष लागते, आणि ती साक्ष पुण्याच्या एखाद्या गच्चीवरूनही मिळू शकते.

त्यासाठी अग्निगोल दिसला की जागचे हलू नये. घड्याळ पाहावे, आवाज आला तर तो किती सेकंदांनी किंवा मिनिटांनी आला ते मोजावे, आणि दुसऱ्या कुणाशी बोलायच्या आधी पाहिलेले लिहून काढावे, कारण चार जणांशी बोलल्यावर आपली आठवण त्यांच्यासारखी होते. तो कोणत्या इमारतीच्या कोपऱ्यावरून आला आणि कोणत्या झाडाच्या शेंड्याशी विझला हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच फरशीवर उभे राहून होकायंत्राने दोन्ही दिशा घ्याव्यात आणि हात ताठ करून मुठीने उंची मोजावी. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. सोसायटीच्या आणि दुकानांच्या सीसीटीव्हीत ते दृश्य आले असेल तर काही दिवसांत ते पुसले जाते, तेव्हा ती फीत लगेच मागून ठेवावी. आणि कधी खरोखरच दगड समोर आला, तर आधी तो आहे तिथेच, शेजारी नाणे ठेवून, फोटोत घ्यावा, अक्षांश-रेखांश टिपावेत, जमीन ज्याची त्याला बोलवावे, स्वच्छ अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा आणि तहसील कचेरीला व जीएसआयला कळवावे. नागपूरला त्यांच्या मध्य विभागाचे मुख्यालय आहे, पुण्यातही कार्यालय आहे.